माझ्या मॉडेलमध्ये जलाशय तीन दिवसांत साफ होतो, खरा का होत नाही?

गाळात_रुतलेला:
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी पुण्यात एका छोट्या कन्सल्टन्सीत आहे. सध्या चिनाबच्या खोऱ्यातल्या एका चालू जलविद्युत प्रकल्पाचं काम गळ्यात पडलंय, नाव सांगता येणार नाही. रन-ऑफ-रिव्हर आहे, म्हणजे साठा अगदी थोडा, दिवसभर पाणी अडवायचं आणि संध्याकाळी विजेची मागणी चढली (पीक अवर) की सोडायचं एवढाच. काम असं की जलाशयात गाळ कसा भरत जाईल ते हेक-रास या नदीच्या सॉफ्टवेअरमध्ये एकमितीय (फक्त नदीच्या लांबीने हिशेब करणारं) मॉडेल करून दाखवायचं आणि पावसाळ्यात दारं उघडून फ्लशिंग केलं तर किती जाईल तेही सांगायचं.

गाळ साठण्याचा भाग बरा जमलाय. डेल्टा (नदी जलाशयात शिरते तिथे साठणारा गाळाचा ढीग) तयार होतो, पुढे सरकतो, सर्व्हेशी साधारण जुळतो. पण फ्लशिंगचा रन दिला की तीन दिवसांत सगळा गाळ गायब, तळ थेट धरण बांधायच्या आधीच्या लेव्हलला! मागच्या वर्षी तिथे खरंच फ्लशिंग झालंय आणि नंतरचा सर्व्हे माझ्याकडे आहे, त्यात निम्म्याहून जास्त गाळ जागच्या जागी बसलेला दिसतो. साहेब म्हणतात ट्यून कर. कशाला ट्यून करू? सेटिंग देतो: गाळ वाहण्याचं सूत्र मायर-पीटर म्युलर (डोंगरी नदी आहे म्हणून), टाइम स्टेप (किती वेळाने हिशेब परत करायचा) २४ तास, पूर्ण सेक्शन (नदीचा आडवा छेद) मूव्हेबल, म्हणजे सगळ्या रुंदीचा तळ खरवडला जाईल असा, पाण्याचं तापमान २५, वरून येणारा गाळ रेटिंग कर्व्हवरून (किती पाण्याला किती गाळ याचा आलेख), सात वर्षांचा डेटा. क्लायंटला एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय, किती वर्षांत भरेल.

निवांत_बाई:
वाचतेय. विषय कळला नाही पण शीर्षक आमच्या सिंकसारखं आहे.

अक्रोडपूड:
पूर्ण सेक्शन मूव्हेबल, इथेच घोळ आहे रे. एकमितीय मॉडेलला आडवी रुंदी कळतच नाही. एका सेक्शनमध्ये जेवढा गाळ उचलायचा तेवढा ते सगळ्या रुंदीवरून सारखा खरवडतं, जसं कोणी पोळपाटावरचं पीठ हाताने पुसून घ्यावं. खऱ्या जलाशयात असं होत नाही. पातळी खाली आली की पाणी साचलेल्या गाळात एक चर खणतं, चर खोल जातो, बाजू ढासळून थोडा रुंद होतो आणि तिथेच थांबतो. दोन्ही काठांवर गाळाचे कट्टे तसेच राहतात, पुढच्या पावसाळ्यात त्यांच्यावर आणखी थर. तुझ्या सर्व्हेत जो निम्मा गाळ दिसतोय तो बहुतेक हाच.

चर किती रुंद होईल याचा एक ढोबळ हिशेब ॲटकिन्सनने १९९६ मध्ये दिलाय: रुंदी मीटरमध्ये बरोबर १२.८ गुणिले फ्लशिंगच्या प्रवाहाचं वर्गमूळ, प्रवाह क्युमेकमध्ये (सेकंदाला घनमीटर). तू किती क्युमेकने फ्लश केलंस?

गाळात_रुतलेला:
साधारण १०० ने काका. म्हणजे १२८ मीटर. धरणाजवळ घळ एवढी अरुंद आहे की १२८ मावतच नाही, तिथे तर सगळंच वाहून जायला पाहिजे. पण चारेक किलोमीटर वर एक नाला येऊन मिळतो तिथे दरी एकदम पसरते, ३०० च्या वर.

अक्रोडपूड:
बघ, तुझं तूच उत्तर दिलंस. खालच्या घळीत मॉडेल खरं बोलतंय, वरच्या पसरट भागात खोटं. मूव्हेबल बेडच्या हद्दी सेक्शन बघून आवळ, सगळीकडे एकच माप लावू नकोस. आणि प्रवाह वाढवला की रुंदी वर्गमुळाने वाढते हेही लक्षात ठेव. ४०० क्युमेकला २५६ मीटर, म्हणजे पाणी चौपट सोडायचं आणि रुंदी फक्त दुप्पट. तरी फ्लशिंग ऐन पावसाळ्यात करावं म्हणतात ते यासाठीच, शिवाय त्या दिवसांत पाणी फुकट जाण्याचं दुःखही कमी.

(माझी हयात प्रयोगशाळेत गेली, गणिती मॉडेलवाल्यांशी भांडण्यात, त्यामुळे सूर जरा लागला तर हलके घ्या.)

उत्तरेची_लेक:
काकांना +१. मी ट्रॉन्डहाइमला हेच काम करते, त्रिमितीय मॉडेलवर, इथल्याच विद्यापीठात ओल्सेन यांनी लिहिलेलं एसएसआयआयएम. माझे दोन पैसे, जरा लांबतील.

एक म्हणजे मायर-पीटर म्युलर काढून टाक. ते १९४८ चं, झुरिकचं, फ्ल्यूममध्ये (प्रयोगशाळेतल्या पाटात) मुख्यतः भरड वाळू आणि खडीवर केलेल्या प्रयोगांतून आलेलं सूत्र आहे आणि ते फक्त तळावरून घरंगळत जाणारा माल मोजतं. डेल्टाच्या वरच्या तोंडाला गोटे-रेव आहेत तिथे ठीक. धरणाच्या पायथ्याशी जी बारीक वाळू आणि पोयटा आहे तो पाण्यात तरंगत जातो, त्याचं त्या सूत्राला काही घेणंदेणं नाही. लॉर्सन-कोपलँड वापरून बघ, ते बारीक मालापर्यंत ताणलेलं आहे. अगदी खालचा चिकट थर असेल तर त्याला कुठलंच वाळूचं सूत्र लागू नाही, तिथे कोहेसिव्हचा (चिकट गाळाचा) पर्याय चालू करून धूप सुरू व्हायचा ताण प्रयोगशाळेत मोजून घालावा लागतो. पुस्तकातून उचललेला आकडा घातलास तर मॉडेल तुला पाहिजे ते उत्तर देईल, हाच त्रास आहे.

दुसरं, २४ तासांची स्टेप?? फ्लशिंगमध्ये?? तळ किती बदलला हे एक्स्नरच्या समीकरणातून निघतं: आत आलेला गाळ वजा बाहेर गेलेला गाळ, उरलेला तळावर किंवा तळातून. हे समीकरण स्टेपच्या शेवटी तळ हलवतं. म्हणजे २४ तास तळ जागचा हलत नाही, तोच तीव्र उतार, तोच वेग, २४ तास त्याच वेगाने खरवड आणि मग एकदम मोठा खड्डा. खरं तर पहिल्या दोन तासांतच उतार कमी होऊन धूप मंदावायला हवी होती. लाँग प्रोफाइल (नदीच्या लांबीने तळाची रेघ) काढून बघ, करवतीचे दाते दिसतात का?

गाळात_रुतलेला:
दिसतायत ताई 🙈 मला वाटलं सेक्शनच्या डेटातली गडबड.

उत्तरेची_लेक:
डेटाला शिव्या द्यायची घाई नको :) गाळभरतीच्या वर्षांत, हिवाळ्यात, २४ तास चालतील. मोठ्या प्रवाहाला तासावर आण, पातळी उतरवताना मिनिटांवर. रन रात्रभर चालेल, चालू दे.

आणि पाण्याचं तापमान २५ कसं? ते बर्फ वितळून आलेलं पाणी आहे, पर्वती पायथ्याचा नळ नाही. ५ अंशाच्या पाण्याची चिकटाई २५ च्या मानाने जवळजवळ पावणेदोन पट असते, बारीक पोयटा त्याच प्रमाणात हळू बसतो. वाळूला तेवढा फरक नाही पडत पण तुझा बारीक भाग धरणाच्या आतच बसेल की बाहेर जाईल हे त्यावर ठरतं. बदल.

पॉवरहाऊसवाला:
मी हिमाचलमध्ये एका जलविद्युत प्रकल्पात ओ अँड एमला (चालवणं आणि देखभाल) आहे, अकरा वर्षं झाली, मूळ सांगलीचा. तुमचं सगळं वाचलं, छान आहे, पण एक विचारू का, जलाशय किती भरला याच्याशी मला काय करायचंय? मला एवढं सांगा की इनटेकच्या, म्हणजे पाणी टर्बाइनकडे जातं त्या, तोंडाशी वाळू कधी येणार.

नाथपा झाकरीचं उदाहरण घ्या, सगळ्यांना माहीत असलेलं. सतलजवर १५०० मेगावॉट, धरण फक्त ६२.५ मीटर, साठा चिमूटभर. त्यांनी जमिनीखाली ५२५ मीटर लांबीच्या चार डिसिल्टिंग चेंबर (गाळ खाली बसवायच्या खोल्या) खोदल्या, ०.२ मिमीपेक्षा मोठा कण पुढे बोगद्यात जाऊ नये म्हणून, बोगदा २७ किलोमीटरचा. तरी पाण्यातला गाळ ५००० पीपीएमच्या वर गेला की मशीन बंद. कारण ०.२ च्या खालचाही माल क्वार्ट्झच असतो. कठीणपणाच्या मोह मापावर ७, रनरचं (टर्बाइनच्या फिरत्या चाकाचं) तेरा-चार स्टील त्याच्यापुढे लोणी. टंगस्टन कार्बाइडचं कोटिंग मारतात, तेही सोलवटतं. पावसाळ्यानंतर मशीन उघडलं की गाइड व्हेनच्या (चाकाकडे पाणी वळवणाऱ्या पात्यांच्या) कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. आणि नाथपाने सोडलेलं तेच पाणी खाली रामपूरचा ४१२ मेगावॉटचा प्रकल्प घेतो, म्हणजे वरचा बंद तर खालचाही बंद.

तर डेल्टाचं तोंड इनटेकपाशी पोचलं की चेंबरवर येणारा माल एकाएकी भरड होतो. माझ्यासाठी जलाशयाचं आयुष्य त्या दिवशी संपलं, वर कितीही पाणी साठत असेना का.

भीमाकाठचा:
एक अडाणी प्रश्न. आमच्याकडे उजनीच्या पाणलोटातला गाळ लोक ट्रॅक्टरने नेऊन शेतात टाकतात, २०१७ पासून सरकारची गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार योजना पण आहे. तिकडे एवढा त्रास असेल तर उकरून का काढत नाहीत? एवढं गणित कशाला?

पॉवरहाऊसवाला:
अडाणी नाही, साहेब लोक पण हेच विचारतात. तुमचा गाळ म्हणजे काळ्या मातीची साय, पिकाला चांगली. इथला म्हणजे रेव, अभ्रक, क्वार्ट्झची वाळू, शेतात टाकली तर शेतकरी मागे धावेल. दुसरं असं की उन्हाळ्यात तुमचा तलाव आटतो, ट्रॅक्टर आत जातो. इथे नदी बारमाही आणि दोन्ही बाजूला कडे, ट्रॅक्टर कुठून नेणार. बियास-सतलज लिंकवर सुंदरनगरला बॅलन्सिंग रिझर्व्हॉयर आहे, पंडोहवरून सुमारे २५ किमी बोगद्या-कालव्याने पाणी येतं, तिथे वर्षानुवर्षं ड्रेजर चालू आहेत. काढलेला गाळ टाकायचा कुठे यावरून तिथे कायम वाद. आणि चिमूटभर साठ्याचा जलाशय एका पावसाळ्यात परत भरतो, तुम्ही वर्षभर उकरा, नदी आठवड्यात परत आणते.

अक्रोडपूड:
शिवाय सह्याद्री आणि हिमालय यांची तुलनाच नको. कोयनेच्या पाणलोटात बेसाल्ट आहे, जंगल आहे, बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसतो. हिमालय अजून वर येतोय, रोज कुठेतरी डोंगर कोसळतोय.

टोमणेबाज:
चिनाब म्हटलं की सलाल धरण आलं, सलाल म्हटलं की पाकिस्तान आलं. धाग्याचं काश्मीर व्हायला किती प्रतिसाद लागतात ते मोजतोय.

अक्रोडपूड:
हा धागा मुळातच तिथला आहे बाबा, करणार काय :) आणि सलाल टाळून चालणार नाही, कारण क्लायंटचा जो प्रश्न आहे ना, किती वर्षांत भरेल, तो का चुकीचा ते सलालच सांगतं.

१९७८ च्या करारात आपण पाकिस्तानचं ऐकून सलालची खालची सहा दारं कायमची बुजवली आणि स्पिलवेच्या (जादा पाणी सोडायच्या सांडव्याच्या) गेटची उंची ४० फुटांची ३० वर आणली. जलाशयाची क्षमता होती २८४ दशलक्ष घनमीटर. खालून गाळ काढायला वाटच नाही म्हटल्यावर तो काही वर्षांतच जवळजवळ स्पिलवेच्या उंबऱ्यापर्यंत भरला. भरला, मग प्रकल्प बंद पडला का? ६९० मेगावॉट आजही चालतंय. नदी आता गाळाच्या मैदानावरून वाहत येते आणि उंबऱ्यावरून जाते. म्हणजे भरणं ही शेवटची अवस्था नव्हेच, तो एक तोल आहे आणि तो तोल कुठे ठरतो हे सगळ्यात खालचं दार कुठल्या लेव्हलला आहे त्यावर अवलंबून. म्हणूनच चिनाबवरच्याच बगलिहार धरणाचं भांडण खालच्या दारांवर झालं आणि २००७ मध्ये स्विस तज्ज्ञ लाफित यांनी गाळासाठी ती दारं हवीतच असं मान्य केलं. मग २०१३ मध्ये किशनगंगा प्रकल्पाच्या निवाड्यात लवादाने उलट सांगितलं, मृत साठ्याच्या (न वापरायच्या तळच्या पाण्याच्या) खाली पातळी नेऊन फ्लशिंग नको. पाणी तेच, गाळ तोच.

टोमणेबाज:
आणि सिंधू जल करार स्थगित केल्यावर २०२५ च्या मे महिन्यात सलाल-बगलिहार दोन्हीकडे फ्लशिंग केल्याच्या बातम्या होत्या. ते चाललं का?

अक्रोडपूड:
आधीचा आणि नंतरचा सर्व्हे हातात आल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. एवढंच म्हणतो की जिथे खालची दारं बुजवलेली आहेत तिथे वरच्या दारांनी पातळी उंबऱ्याच्या खाली नेता येत नाही. त्याने दाराच्या समोर नरसाळ्यासारखा खळगा पडतो आणि बाकी मैदान जागेवर.

टोमणेबाज:
पॉइंट आहे. मोजणी थांबवतो.

उत्तरेची_लेक:
हा नरसाळ्याचा मुद्दा महत्त्वाचा, एकमितीय मॉडेलमध्ये तो दिसतच नाही. पातळी न उतरवता नुसतं खालचं दार उघडलं की पाणी दाराकडे खाली वळतं, वेग थोड्याच अंतरात मरतो. तेवढा भाग त्रिमितीयमध्ये करावा लागतो, अख्खा जलाशय नाही, धरणापासून वर दोन-तीनशे मीटर. पंधरा किलोमीटरचा पूर्ण जलाशय त्रिमितीयमध्ये वीस वर्षं चालवायला बसलास तर तुझी पीएचडी होईल, रिपोर्ट नाही.

गाळात_रुतलेला:
मध्ये चार दिवस गायब होतो, सॉरी. हद्दी आवळल्या, स्टेप बदलली, सूत्र बदललं. करवतीचे दाते गेले! फ्लशिंगनंतरचा तळ आता खालच्या घळीत सर्व्हेच्या जवळ येतोय, वरच्या पसरट भागात काठाचे कट्टे उरतात. पण आता उलटाच प्रॉब्लेम, भरतीच्या वर्षांत सर्व्हेपेक्षा कमी गाळ साठतोय. आधी जुळत होतं ते आता जुळत नाही.

अक्रोडपूड:
आधी दोन चुका एकमेकींना खांदा देऊन उभ्या होत्या. एक काढली, दुसरी उघडी पडली. रेटिंग कर्व्ह कसा बसवलास? लॉग-लॉग कागदावर सरळ रेघ?

गाळात_रुतलेला:
हो, एक्सेलमध्ये. आर स्क्वेअर चांगला आला.

अक्रोडपूड:
लॉगमध्ये रेघ बसवून परत साध्या आकड्यात आलास की उत्तर कमीच येतं, कायम कमी. लॉगची सरासरी म्हणजे सरासरीचा लॉग नव्हे, हे अकरावीचं गणित आहे आणि मोठमोठे डीपीआर (प्रकल्प अहवाल) यावर आपटलेत. १९८३ मध्ये ड्युआनने स्मिअरिंगचा गुणक दिलाय, रेघेपासून बिंदू किती लांब पडतात त्यावरून काढायचा आणि गुणायचा. हिमालयातला डेटा इतका विखुरलेला असतो की हा गुणक अजिबात किरकोळ नसतो.

त्याहून मोठी गोष्ट, सगळ्या वर्षाला एकच रेघ नको. जूनच्या शेवटी ३०० क्युमेक आणि सप्टेंबरात ३०० क्युमेक, पाणी तेच पण जूनमध्ये ते चहा आणि सप्टेंबरात ताक. सुरुवातीला डोंगरावर सुटा माल पडलेला असतो, नंतर संपतो. चढत्या पुराची आणि उतरत्या पुराची रेघ वेगळी कर.

आणि डेटा कुठल्या दिवसांचा आहे ते तारखेनुसार तपास. बाटली पाण्यात बुडवून नमुना घेणारा माणूस सकाळी आठला येतो, ढग रात्री दोनला फुटतो. मोठ्या पुरात पुलावर कोणी जात नाही आणि जाऊही नये. नेपाळमध्ये कुलेखानीच्या खोऱ्यात १९९३ च्या जुलैत तिस्तुंगला २४ तासांत ५४० मिमी पाऊस झाला, त्या एका घटनेने जलाशयाच्या गाळाचे आधीचे सगळे अंदाज मोडीत निघाले. ती रात्र कुठल्या रेटिंग कर्व्हमध्ये बसवशील?

पॉवरहाऊसवाला:
हे खरंय. २००० च्या १ ऑगस्टला सतलजला पूर आला त्याच्या गोष्टी इथले जुने लोक अजून सांगतात. मॉडेलवाले सरासरी वर्ष देतात. मला सरासरी वर्ष अजून एकदाही भेटलेलं नाही.

गाळात_रुतलेला:
आणि तळावरून घरंगळत येणारा माल? डेटाच नाही. साहेब म्हणाले तरंगत्या गाळाच्या १५ टक्के धर.

अक्रोडपूड:
सगळेच धरतात. १५ धर, २० धर, पण दोन्ही धरून रन दे आणि दोन्ही उत्तरं लिही. डेल्टाचं वरचं तोंड त्याच मालाचं असतं, त्यामुळे वरच्या प्रकल्पाच्या टेलरेसशी (टर्बाइनमधून पाणी बाहेर पडतं तिथे) पाणी किती चढेल हे त्या पाच टक्क्यांवर हलतं. आणि तरंगता गाळ भरड-मध्यम-बारीक असा वेगळा घाल, ०.२ आणि ०.०७५ मिमीच्या रेघा आपल्याकडे रुळलेल्याच आहेत. सगळा एका आकाराचा घातलास तर डेल्टाचा आकारच येणार नाही.

निवांत_बाई:
अवांतर: काका, आयडी अक्रोडपूड का?

अक्रोडपूड:
हाहा. खडकवासल्याच्या संशोधन केंद्रात धरणांची लहान प्रतिकृती करतात ना, समजा एकास साठ. पाणी साठ पटीने लहान करता येतं, वाळू नाही. ०.२ मिमीचा कण साठ पटीने लहान केला तर ३ मायक्रॉनची चिकणमाती होते आणि ती वाळूसारखी वागतच नाही. मग हलकं काहीतरी घालायचं, अक्रोडाच्या टरफलाची पूड. डिसिल्टिंग चेंबरच्या मॉडेलमध्ये ती सोडायची, खाली बसलेली गोळा करायची, वाळवायची, तोलायची. तर गणिती मॉडेलवाल्यांनो, तुम्हाला जसे तुमचे गुणक तसे आम्हाला अक्रोड. फसवणूक दोन्हीकडे आहे, आमची निदान हातात धरता येते.

निवांत_बाई:
वाचनखूण साठवली, फक्त अक्रोडासाठी.

उत्तरेची_लेक:
@गाळात_रुतलेला, क्लायंटचा प्रश्न रिपोर्टमध्येच बदलून टाक. एकच वर्ष लिहिण्याऐवजी तीन गोष्टी दे: तोल आल्यावर पीकसाठीचा साठा किती उरेल, डेल्टाचं तोंड इनटेकशी कधी पोचेल, आणि दर वर्षी फ्लशिंग केलं नाही, दोन वर्षांआड केलं, तर पहिल्या दोन्हींवर काय परिणाम. कॅलिब्रेशन भरतीच्या सर्व्हेवर कर, पडताळणी फ्लशिंगच्या सर्व्हेवर, दोन्ही एकाच सर्व्हेवर नको. आणि सर्व्हे बोटीचा आहे ना? उपग्रहाने पाण्याचा पसारा बघून काढलेला असेल तर पाण्याची पातळी जितकी खाली गेली तिथपर्यंतचंच कळतं, त्याच्या खालचं काही नाही.

गाळात_रुतलेला:
बोटीचाच आहे. स्मिअरिंग लावलं, चढता-उतरता कर्व्ह वेगळा केला. भरती परत सर्व्हेच्या जवळ आली, यावेळी बहुतेक बरोबर कारणाने. १५ आणि २० दोन्ही रन दिले, इनटेकशी पोचायला चार वर्षांचा फरक पडतोय. साहेबांना दाखवलं तर म्हणाले मधलं लिही. मी दोन्ही लिहिलीयत, बघू काय होतं.

पॉवरहाऊसवाला:
दोन्ही राहू द्या. आम्ही लवकरचं धरून चालतो.

उत्तरेची_लेक:
मस्त. तापमान बदललंस ना?

गाळात_रुतलेला:
.
.
रात्रभर परत रन लावतो.